फारोचा काय भरवसा!

शलोमकाका जेवायचे ते उभ्याने, आणि पायांत चपला घालून. ताट खिडकीच्या कट्ट्यावर, एक डोळा माशाच्या कालवणावर, दुसरा दारावर. दोन घासांमध्ये दारापर्यंत एक फेरी. सणासुदीला नव्हे, रोज.

"काका, बसा की जरा," मी एकदा म्हणालो.

"आमचे वाडवडील मिसरातून निघाले ते असेच, उभ्याउभ्या जेवून. फारो आधी जा म्हणाला, आणि मग मागे रथ सोडले. फारोचा काय भरवसा!"

काकांच्या ज्यू पूर्वजांना, इस्राएल लोकांना, मिसरात म्हणजे इजिप्तात गुलाम करून विटा पाडायला लावणारा हा राजा हजारो वर्षांपूर्वी खपला. पण काकांच्या लेखी तो पनवेलमध्ये अजून नोकरीला होता. पाणी बंद करणारा फारो. सुट्टे न देणारा वाणी फारो. काका एसटीत फिटर होते, तेव्हा साहेबाने रजा नाकारली, तर त्याच्या टेबलासमोर उभं राहून, फारोने लोकांना सोडावं म्हणून देवाने मिसरावर धाडलेल्या दहा पीडा ओळीने सुनवायला सुरुवात केली. "तिसऱ्या पीडेपर्यंत, उवांपर्यंत आलो, तशी त्यानं सही केली."

आमच्या आळीतला पहिला बी.कॉम. मी, म्हणून सगळ्यांचे इंग्रजी फॉर्म माझ्याकडे. मी ते ऐटीत भरायचो. काकू वारल्यावर काकांना एकुलती एक रिबेकाच होती. ती इस्राएलला नर्सच्या नोकरीवर निघाली, तेव्हा तिचेही फॉर्म मीच भरले. आणि विमान चार दिवसांवर आलं असताना तिचा पासपोर्ट नाहीसा झाला.

आम्ही तिघांनी घर उलथंपालथं केलं. काका सगळ्यांत जोरात शोधत होते. एकच कपाट चार वेळा.

रिबेकाने शेवटी कमरेवर हात ठेवले. "बाबा, दहा पीडा सुरू करू का?"

"मला फारो म्हणतेस? बापाला?"

"मी कुठं म्हटलं? पासपोर्ट कुठाय?"

काकांनी दारापर्यंत तीन फेऱ्या मारल्या. मग तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, पासपोर्ट सदऱ्याला पुसला आणि तिच्या हातात कोंबला.

"जा लवकर. माझं मन बदलायच्या आत जा."

प्रवास सुखाचा व्हावा म्हणून त्यांच्यात एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करतात, गूळ-खोबऱ्याचे गोड पोहे. निघायच्या दिवशी नारळ काकांनी स्वतः खवला. "पोचलीस की फोन कर. एसटीडीवाल्या फारोला सांगून ठेवलंय." रिबेकाची जीप कळंबोलीच्या बाजूला वळून दिसेनाशी झाली, तसे ते आत गेले.

थोड्या वेळाने मी डोकावलो. काका जमिनीवर मांडी घालून बसले होते, पुढ्यात मलिद्याचं ताट. चपला उंबऱ्याबाहेर, रिबेकाच्या जुन्या सपातांशेजारी, नीट जोडीने.

"काका, आज बसून?"

त्यांनी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. ताट माझ्याकडे सरकवलं.

"बस तूही. सावकाश खा. या वेळी फारोनं मागे रथ नाही सोडले."