केनांगा गल्लीतली मगर, सर्वानुमते

कल्पनाशक्ती हे देवाचं देणं आहे. आणि कुणाकडून काही आलं, की ते आधी चारचौघांना दाखवावं, मग घरात घ्यावं. इंडोनेशियात, सुराबायाच्या केनांगा गल्लीत तरी हीच रीत आहे. भिंतीला रंग द्यायचा असो नाहीतर कोंबड्यांचं खुराडं हलवायचं असो, आधी बैठक बसते, तळलेली केळी येतात, आणि सगळ्यांनी 'हो' म्हटल्यावरच काम सरकतं. मतदान नाही. मतदानात कुणीतरी हरतं, आणि हरलेला माणूस उद्या समोरच्याच दारात दात घासत उभा असतो. एकानं जरी 'नाही' म्हटलं, तरी विषय बारगळतो. (कमानीचा रंग असाच दोन वर्षं बारगळला. 'नाही' म्हणणारी एकटी बू वार्तिना होती; बू म्हणजे बाई. तिला हिरवा आवडत नाही, आणि पिवळा शेजारणीला आवडतो.)

बू वार्तिना कोपऱ्यावर पेचेल, म्हणजे उकडलेली भाजी नि वर चटणी, विकते. तिच्या शेंगदाण्याच्या चटणीपेक्षा तिची जीभ तिखट, हे गिऱ्हाइकं चटणी खाऊन झाल्यावर सांगतात. तिची नात निंग्रुम नऊ वर्षांची. निंग्रुमच्या म्हणण्याप्रमाणे गल्लीच्या गटारात एक मगर राहते. ती समुद्रातून हाँगकाँगला जाते, तिथे परक्याच्या घरात राबणाऱ्या निंग्रुमच्या आईला निरोप देते आणि उलटा निरोप घेऊन येते. निंग्रुम रोज गटाराशी उकिडवी बसून बोलायची.

गल्लीतले मास्तर पाक दार्सो, म्हणजे दार्सोराव, यांनी यावर मुलांसाठी कादंबरी लिहिली. मुलगी घेतली, मगर घेतली, आई घेतली, आजीसुद्धा घेतली. परवानगी तेवढी घ्यायची राहिली.

सबब, बैठक.

सदर पुस्तकावर अठ्ठावन्न घरांनी सखोल विचार केला. पैकी सत्तावन्न घरांनी ते वाचलेलं नव्हतं, त्यामुळे चर्चेत वेळ वाया गेला नाही.

"स्वच्छ गल्ली स्पर्धेचे परीक्षक पुढच्या महिन्यात येणार," गल्लीप्रमुख पाक सुमित्रो म्हणाले. "गटारात मगर म्हणजे गटार उघडं, असा अर्थ निघतो."

"लहान मगर लिहा की," कुणीतरी सुचवलं.

"लहान म्हटलं की तिची आई आली. म्हणजे दोन मगरी."

मगरीचा मासा झाला. पण मासा म्हणजे पाणी तुंबलंय. शेवटी सर्वांच्या सोयीनं तिथे जास्वंदीची कुंडी ठेवण्यात आली. (कुंडी हाँगकाँगला जाऊ शकत नाही, अशी अडचण लेखकानं मांडली. तिची नोंद घेण्यात आली.)

आता निरोप न्यायलाच कुणी नाही, तर आईला परदेशी ठेवून उपयोग काय? शिवाय आपल्या लेकीसुना दुसऱ्यांच्या फरश्या पुसतात, हे परीक्षकांना कशाला कळायला हवं? तेव्हा आईला घरी आणावं आणि केक भाजायला बसवावं, असं ठरत आलं.

निंग्रुम आजीच्या मांडीला चिकटून बसली होती. तिनं आजीचा पदर ओढला. "म्बाह, नाही म्हण. तू म्हटलंस की सगळं थांबतं."

"माहितीये मला. केळं खा."

बू वार्तिनानं तोंड उघडलं. गल्ली दचकली. पाक सुमित्रो मात्र मुरलेला गडी.

"बू, पुस्तकातली आजी अगदीच अंगठेबहाद्दर दाखवलीय हो. बरं दिसत नाही. तिला चष्मा आणि वर्तमानपत्र देऊ या का?"

बू वार्तिनाची शाळा दोन वर्षं झाली होती. त्यातलं एक बाईंच्या बकऱ्या राखण्यात. तिनं विचार केला.

"अक्षर कसलं? मोठं?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"बारीक द्या. चष्मा नको, नजर चांगलीये तिची. आणि पेचेल गल्लीत पहिल्या नंबरचं."

"पहिल्या दोन नंबरांत लिहा," पलीकडे पेचेल विकणारी बू साकिना म्हणाली. तेही मान्य झालं.

राहता राहिली आई. लेक तिकडे मोठ्या हॉटेलात साहेबीण आहे, असं बू वार्तिना गिऱ्हाइकांना सांगत असे. पुस्तकात का होईना, ती घरी आली तर खोटं बोलायचा त्रास तेवढाच कमी.

"मग सगळ्यांचं हो?"

"हो," बू वार्तिना म्हणाली.

निंग्रुमच्या हातातलं केळं तसंच राहिलं.

पुस्तक छापून आलं. निंग्रुमनं ते ओसरीवर आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं, शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता.

"म्बाह, यात आई घरीच आहे."

"आहे ना. छान झालंय की नाही?"

"मग आता तिला निरोप नको पाठवायला."

बू वार्तिना सोयाबीनचे तेम्पे तळायला उठली. तेल तापलं नव्हतं, तरी तिनं सोडले. त्या दिवसापासून निंग्रुम गटाराशी बसली नाही. तिची वागणूक सुधारल्याचं शाळेनं कळवलं आहे.

या ठिकाणी वाचकांना बू वार्तिनाचा राग येतो, असं आढळून आलं आहे. यावा. राग दुसऱ्याच्या आजीवर काढणं सोयीचं असतं. परवा तुमच्याच घरातलं पोर जेवता जेवता म्हणालं, की जिन्याखाली कुणीतरी राहतं. पुढे ते काय सांगणार होतं? ठाऊक नाही ना? घरातल्या सगळ्यांनी एकमतानं त्याला भात संपवायला सांगितलं. पोर गप्प बसलं. आणि गप्प बसणं म्हणजे 'हो', असं तुमच्याकडेही धरतात.