सत्ताविसावी टोपी

शर्यत गाडीने जिंकता येते, पण विजय सिद्ध होतो तो टोपीनेच. साउथ कॅरोलायनातली पाचशे मैलांची शर्यत साडेतीन तासांत उरकते. त्यानंतरचा एक तास टोप्यांचा. प्रत्येक प्रायोजकाची टोपी घालायची, फोटोपुरतं हसायचं, ती उतरवून पुढची घालायची. एकूण टोप्या सत्तावीस. (हसू एकच. ते सर्वांना समप्रमाणात वाटायचं असतं.)

ओडेल टॅकेटला ही कार्यपद्धती तोंडपाठ होती. एकोणीस वर्षं, चारशे बारा शर्यती, तो ती लांबून बघत आला होता. घरी आरशासमोर सरावही केलेला. (गाडी चालवण्यात तो देशात तेविसावा असेल; टोपी बदलण्यात पहिल्या पाचांत.) आज वेलन प्रिचेटला वीतभर अंतराने मागे टाकून तो आयुष्यात प्रथमच जिंकला होता.

"ओडी, दात दाखव!" त्याची आई नडीन गर्दीतून ओरडली. "तारा बांधून सरळ करून घेतले ते कशासाठी?"

बाविसाव्या टोपीला तपासणी अधिकारी आला. शेडमध्ये गाडीला पत्र्याचा साचा लावून पाहिला होता. मागचं अंग नियमापेक्षा एक सूत खाली भरलं. सबब, पाचशे मैल रद्द. दुसरा आलेला पहिला झाला.

त्याला बोलावणं धाडलं. तो पार्किंगमध्ये बूट काढून जेवायला बसला होता. "जिंकलो? बरं झालं," त्याने कळवलं. "पण आता बूट घालणार नाही."

पेच गंभीर होता. विजेता होता तो टोप्या घालेना. टोप्या घालत होता तो विजेता नव्हता. पॉसम मोटर ऑइल या प्रायोजक कंपनीच्या बाईंनी करार उघडला. त्यात 'विजेत्याच्या डोक्यावर' असं कुठेच नव्हतं. 'व्यासपीठावरील डोक्यावर' एवढंच होतं.

"ओडेल, राजा, पाचच राहिल्यात," बाई म्हणाल्या.

"मॅडम, पण मी हरलोय."

"हरलास ते तिकडे शेडमध्ये. इथे कुणी काही बोललंय का?"

ओडेलने आईकडे पाहिलं. तिने डोळे पुसले आणि दोन बोटांनी स्वतःच्याच ओठांची टोकं वर ओढून दाखवली.

सत्ताविसावी टोपी पॉसम मोटर ऑइलची. तिच्याखाली ओडेल असा हसला, की आजवर कुठल्याही खऱ्या विजेत्याला तसं जमलेलं नाही. (खऱ्या विजेत्यांचा सराव कमी पडतो.) आठवड्याभरात तो फोटो राज्यातल्या सगळ्या पेट्रोल पंपांवर आठ फुटी लागला. अधिकृत निकाल वर्तमानपत्रात आला. हवामानाच्या खाली, एका ओळीत.

ओडेलवर अन्याय झाला, की न जिंकता मिरवून त्यानेच तो केला, यावर वाचकांत मतभेद होतील. ज्यांना खऱ्या विजेत्याची फारच कणव आली असेल, त्यांनी वरचा मजकूर न बघता त्याचं नाव सांगावं.

नाही आठवत? असू दे. तेलाचं सांगा.