गोळीची पारख

सेलूच्या बाजारात चिमटीनं कापूस ओढून धाग्याची लांबी सांगणारा माणूस मी. कॅल्शियमच्या गोळीची पारख मला जमू नये?

आमच्या बायकोची, विमलाची, हाडं ठिसूळ झालीत म्हणे. जावई अवधूतरावांचं परभणीला मेडिकल. त्यांनी एक बाटली पाठवली. मी बाजारातून दुसरी आणली, निम्म्या भावाची.

"जावयाचीच घेईन," विमला म्हणाली.

"अगं, कॅल्शियम म्हणजे चुनाच की! पारख करून दाखवतो, मग बोल!"

दोन ग्लासांत लिंबाचा रस पिळला आणि एकेक गोळी सोडली. अर्ध्या तासात जावयाची गोळी फसफसून विरघळली. माझी? दुधना नदीतल्या गोट्यासारखी ठाम! घट्ट तेवढं अस्सल, हा आमच्या कापसाच्या गठाणींचा कायदा. विमलाला हाक मारणार, तोच दारात जावयाचे वडील दिनकरराव!

"या इवाई, या!" म्हणत मी बैठकीत धावलो. इकडं विमलाला आयता पिळलेला रस दिसला. तिनं पाणी-साखर घातली आणि दोन्ही ग्लास ट्रेमध्ये घेऊन ती हजर!

दिनकररावांनी नेमका माझ्या गोळीचा उचलला.

"तो राहू द्या, हा घ्या!"

"का हो? ह्यात साखर कमी हाय का?"

आता इवायाच्या हातचा ग्लास हिसकावायचा कसा? त्यांनी घटाघटा संपवला.

"लय झ्याक! अन् तळाला खडीसाखर बी टाकलीत व्हय!"

"इवाई, चावू नका—"

कडाक्!

त्यांच्या तळहातावर अर्धा दात आणि अख्खी गोळी.

"बघा! टवकासुद्धा उडाला न्हाई!" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

त्यांनी गाल धरला. "हे कशाचं हाय?"

"हाडं बळकट करायची गोळी," विमला म्हणाली.

"आमचा अवधूत सांगतो, आंबटात विरघळती तीच अंगी लागती. न विरघळणारी पोटात गेली तशीच भायेर!"

विमलानं दुसरा ग्लास उचलला आणि माझ्याकडं बघत एका दमात रिकामा केला. "माझी पारख झाली!"

मग इवायाला घेऊन मी परभणीला दाताच्या डॉक्टरकडं. त्यांनी दात बघितला, मान हलवली आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या.

माझ्या घरी निम्म्या भावाची एक भरलेली बाटली पडून आहे, हे मी बोललो नाही. दिनकररावांचे उरलेले दात चांगले आहेत.