न टेकलेलं छप्पर

वळवाच्या वादळात मंदाकिनी बोराटेच्या शेवयांच्या शेडचं छप्पर उडालं, ते अजून खाली आलं नव्हतं. तिचे सासरे आबा तेव्हा वर बसून हुक आवळत होते, तेही वरच राहिले. रोज सकाळी गल्लीवरून जाताना ते दोर सोडायचे आणि मंदाकिनी त्याला डबा बांधायची.

विम्याचे खडतरे साहेब आले तेव्हा छप्पर पाण्याच्या टाकीला वळसा घालत होतं.

"नुकसान कधी झालं?"

"वादळात. महिना झाला."

"वहिनी, वादळात ते उडालं. जमिनीला टेकेल ती नुकसानीची तारीख. हवेतल्या वस्तूला काही झालं असं धरता येत नाही."

पॉलिसी आज सूर्य मावळला की संपत होती. त्यानंतर टेकलं तर एक पत्रा मिळणार नव्हता, आणि पाऊस तोंडावर आलेला. मंदाकिनी अंगणात धावली.

"आबा, खाली या!"

"कशाला? इथं गार आहे."

"निदान आजच्या दिवस तरी टेका."

"आज महाबळेश्वर बघायचंय. परवा या म्हण त्यांना."

गल्ली जमली. कुणी शीळ घातली, कुणी घोंगडं हलवलं. ऊन भिंतीवरून सरकत चाललं.

मंदाकिनी सासऱ्याला ओळखून होती. ती साहेबांना मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "लिहा साहेब, हुक कमी ठोकले होते."

छप्पर जागच्या जागी थांबलं. मग असं सूं करत खाली आलं, की बायकांचे पदर उडाले. अंगणात हातभर उंचीवर ते तरंगत राहिलं.

"कोण म्हणतं कमी?" आबा लालबुंद झाले होते. "या वर. मोजा."

साहेब बूट काढून चढले. त्यांच्या वजनानं एक कोपरा झुकला, फरशीला घासला आणि दुमडला. साहेबांनी सूर्य पाहिला, अजून वीतभर होता. तिथंच बसून त्यांनी तारीख घातली, सही केली, कागद मंदाकिनीच्या हातात दिला.

"अख्खं छप्पर मंजूर."

टाळ्या पडतायत तोवर वारा सुटला आणि छप्पर उठलं.

लिंबाच्या शेंड्यापाशी साहेब वाकून म्हणाले, "वहिनी, ऑफिसला कळवा, ड्युटीवर असताना झालंय. तारीख आजचीच लावा."

मंदाकिनीनं कागद कमरेला खोचला.

"अजून काही झालेलंच नाही, साहेब. टेकलात की कळवते."

मग तिनं त्यांचे बूट उचलून आत ठेवले, आणि उद्याच्या डब्यासाठी पीठ थोडं जास्त काढलं.