खापरटाकळीकरांनी गोलंदाज जावई मिळविला त्याची हकीकत

श्रीगणेशास, वेशीवरील मारुतीरायास आणि अजमतभाईंच्या हॉटेलातील शेगडीस, जी पहाटेपासून विझत नाही, नमन करून मजकूर लिहिण्यास आरंभ केला ऐसाजे. शालिवाहन शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरी, दिवाळीचे फटाके सरल्यावर जी मसलत उभी राहिली आणि शके १९४८, पराभव नाम संवत्सरी, अधिक ज्येष्ठ मासी, म्हणजे ज्यास लोक धोंड्याचा महिना म्हणतात त्या मासी, जिची फत्ते जाहली, तिची ही हकीकत. ज्यांनी पाहिले त्यांचे ऐकून लिहिले, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांचे अधिक ऐकून लिहिले, कारण न पाहणारा तपशील फार देतो.

जिल्हा जालना, तालुका अंबड, मौजे खापरटाकळी. येथे बेसबॉल नामे फिरंगी खेळ चालतो. पूर्वी कोणी एक क्रीडाशिक्षक शाळेवर बदलून आले, येताना सोटे, हातमोजे आणि चेंडू घेऊन आले, आणि मग स्वतः बदलून गेले, परंतु खेळ ठेवून गेले. खेळ ऐसा की, एका फौजेचा गोलंदाज चेंडू फेकतो, दुसऱ्या फौजेचा गडी तो सोट्याने हाणतो आणि धावत सुटतो, आणि तीन ठाणी काबीज करून घरच्या ठाण्यावर सुखरूप परत आला तर एक फेरी पदरी पडते, आणि वाटेत चेंडूने शिवला तर बाद. क्रिकेट खेळणारी गावे यास हसतात. हसोत बापडी.

हा खेळ जाणणारी संस्थाने जिल्ह्यात तीनच, खापरटाकळी, अंबड आणि मंठा, आणि तिघांत दर उन्हाळ्यात पितळी चषकाकरिता रण माजते. पूर्वी भाडोत्री गडी आणण्यावरून डोकी फुटली, म्हणून तिघांनी बसून तह केला की, गडी गावचा असावा अथवा गावचा जावई असावा, तिसरा मनुष्य मैदानात दिसू नये, आणि जावयाने जन्मगाव की सासुरवाडी हे एकदा ठरवून टाकावे. तह सुबुद्धीने केला, परंतु त्या दिवसापासून खेळ राहिला उन्हाळ्यात आणि खरी लढाई गेली लग्नसराईत. तुळशीचे लग्न लागले की तिन्ही गावांत जासूद फिरू लागत, आणि कोणाची मुलगी कोठे देतात याची काळजी आईबापांहून अधिक खेळाच्या शौकिनांस लागे.

खापरटाकळीच्या शौकिनांचा दरबार अजमतभाईंच्या हॉटेलात भरे, आणि तेथे पंख्याखालचे जे बाकडे, ती राजश्री राधाकिसनराव यांची गादी. राधाकिसनराव शेळ्यांचे सौदागर, पन्नाशी उलटलेले, जन्मात सोटा हाती न धरलेले, परंतु कोणता गडी कोठून फुटणार आणि कोठे जाऊन मिळणार हे सांगण्यात त्यांचा हात धरणारा नाही. सांगितलेले खरे ठरल्याचा दाखला मात्र बहुत शोध करूनही मिळाला नाही. मागल्या साली छातीवर हात मारून बोलले की, आपला गोलंदाज भारत कोठेही जात नाही, आणि ते बोलत होते त्या घटकेस मंठ्यात भारताला हळद लागत होती. भारत मंठेकरांचा जावई जाहला, मंठेकरांकडून फेकू लागला, आणि खापरटाकळीचा तोफखाना रिता पडला.

तरी राधाकिसनराव बाकडे सोडीत नसत, आणि त्यास कारण होते. घरी त्यांच्या बोलण्यावर कोणी मान वर करीत नसे. कुटुंब आसराबाई भाकरी थापता थापता "हां" म्हणत, आणि तो हुंकार आपणास होता की तव्यास, हे त्यांस कळत नसे. एकुलती एक कन्या मनीषा ही एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर, ती दिवसभर लोकांवर ओरडून येई आणि घरी निमूट जेवून झोपी जाई. बाकड्यावर मात्र चार माणसे चहाचा कप हवेत धरून त्यांचे ऐकत. त्या बाकड्यावर त्यांचा जीव होता.

ऐसे असता कार्तिकात एके सकाळी तौफिक टेलर, जो घरच्या ठाण्याचा किल्लेदार, म्हणजे गोलंदाजाचा चेंडू झेलणारा, आणि बोलण्यात कात्रीहून धारदार, भर दरबारात म्हणाला, "राधाकिसनभाऊ, तुमी इतकं सांगून राह्यले, पन आजवर एक तरी खरं झालं का?" दरबार हसला, आणि अजमतभाईही हसले, हे राधाकिसनरावांस फार लागले. मग त्यांनी बशी खाली ठेविली आणि फर्मान सोडिले की, अंबडचा नामांकित गोलंदाज सुग्रीव, ज्याचा चेंडू डोळ्यास दिसत नाही, केवळ ऐकू येतो, तो येत्या उन्हाळ्यात खापरटाकळीकडून फेकील आणि चषक आणील. न आणील तर आपण या बाकड्यावर पुन्हा बसणार नाही. अजमतभाईंनी साक्ष म्हणून सर्वांस एकेक कट चहा पाजला, आणि शब्द पक्का जाहला.

मग सुग्रीवावर पाळत बसविली. पहिली खबर तौफिक घेऊन आला, आणि ती वाईट होती. "अंबडच्या स्टँडवर पाह्यलं म्या. नवा शर्ट, भांग पाडलेला. मंठ्याच्या गाडीत बसून गेल्ता." दरबारात हाहाकार जाहला. भारत नेला तो नेला, आता सुग्रीवही मंठेकर नेतात! पुढे खबर आली की, तो मंठ्यास गेला खरा, परंतु गाडीतून उतरला नाही, त्याच गाडीने परत फिरला. राधाकिसनरावांनी ताबडतोब अर्थ लाविला की, बोलणी फिसकटली, मुलगी पसंत नाही. आठवडा गेला आणि तो पुन्हा गेला, पुन्हा उतरला नाही. मग अर्थ लाविला की, मुलगी पसंत आहे, परंतु सासऱ्याशी पटत नाही. तिसऱ्यांदा गेला तेव्हा अजमतभाई म्हणाले, "बिलकुल भोळा दिसतो पोरगा. उतरायचं भूलून जातो काय?" परंतु असा साधा अर्थ दरबारास रुचला नाही.

मग ठरले की, मंठेकरांनी डाव साधण्याआधी आपल्या गावची मुलगी सुग्रीवास दाखवावी. उपवर मुलींची मोजदाद केली, तो एक पुण्यास शिकते, एकीचा साखरपुडा जाहला, एकीची उंची सुग्रीवाच्या कमरेस लागेल. मग एकेकाची नजर वळत वळत राधाकिसनरावांवर येऊन थांबली. रावांस चहाचा ठसका लागला. इतक्या वर्षांत गावोगावच्या मुलींचे हिशेब केले, परंतु आपल्या घरी एक आहे हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. आणि आता ते ध्यानी आले. पोर दिसू लागली, लहानपणी शेळीच्या करडामागे धावताना, आणि आता पहाटे खाकी घालून निघताना. चषक नको, बाकडे नको, असे क्षणभर वाटले. मग तौफिकाने विचारले, "काय भाऊ, मंग?" आणि राव उठून घराकडे चालू लागले.

घरी जाऊन त्यांनी मोठ्या मुत्सद्देगिरीने, आधी पावसाचा, मग सोयाबीनच्या भावाचा विषय काढून, अखेर सुग्रीवाचे नाव घेतले. आसराबाईंचा हात परातीत थांबला.

"पोरगी म्हंजे बॅट वाटली का तुमाला? ज्याला पायजे त्याच्या हातात द्यायला?"

"तसं न्हाई गं. पोरगं चांगलं हाय. फकस्त मंठ्याच्या गाडीनं लई हिंडून राह्यलंय, म्हून जल्दी करायची."

तेव्हा चुलीपाशी जेवत बसलेली मनीषा प्रथमच मान वर करून बापास म्हणाली, "दादा, मंठ्याच्या गाडीवर कंडक्टर कोन हाय?"

हा सवाल ऐकून राधाकिसनराव पाटावर बसले ते बहुत वेळ उठले नाहीत. ज्या तहासाठी त्यांनी जासूद नेमिले, तो तह त्यांच्या कन्येने अंबड ते मंठा जाता येता, खिडकीकडील सीटपाशी उभे राहून, तिकिटे फाडता फाडता स्वतःच केला होता. आसराबाईंस हे दसऱ्यापासून ठाऊक होते. आपणास का सांगितले नाही, ऐसा अर्ज रावांनी केला, त्यावर आसराबाईंचा हुकूम आला की, "तुमाला सांगितलं असतं तर अजमतभाईच्या हाटेलात फळ्यावर लिहिलं असतं."

मग मुलगी पाहण्याचा कार्यक्रम जाहला, आणि त्यात आसराबाईंनी घरदार, आईचा स्वभाव आणि व्यसन विचारले, आणि राधाकिसनरावांनी केवळ खांदा दुखतो का एवढे विचारले. फेकणार कोणाकडून, या कलमावर सुग्रीव लाजत म्हणाला, "मनीषा म्हनतील तसं, मामा." मनीषाने पोहे देताना "इकडूनच" एवढेच म्हटले. वैशाखात लग्न लागले. खापरटाकळीच्या पंगतीत अंबडकर शौकिनांनी जिलेबीस हात लाविला नाही, इतके दुःख त्यांस जाहले, आणि पंख्याखाली राधाकिसनरावांची मान एक वीत वर आली.

परंतु आकाशात एक महिना अधिक निघाला. धोंड्याच्या मासात जावई साक्षात लक्ष्मीनारायण, त्यास सासूने पुरणाचे धोंडे तुपात बुडवून तेहतीस वाढावे, आणि त्याने नाही म्हणू नये, ऐसा आपल्या मुलुखाचा शिरस्ता. आणि पंचांनी अखेरचा सामना, खापरटाकळी विरुद्ध मंठा, नेमका याच महिन्यात, खापरटाकळीच्या मैदानावर लाविला. सामन्याच्या सकाळी राधाकिसनराव जागे जाहले तो घरभर पुरणाचा वास! चुलीवर कढई, शेजारी परातीत धोंड्यांची रास, आणि ओसरीवर नवा जावई पाय पसरून बसलेला. तेहतीस धोंडे पोटात गेल्यावर मनुष्य चेंडू फेकील की जांभई देईल?

रावांनी हात जोडून विनंती केली की, आज राहू दे, आसरा, उद्या वाढ, माझ्या बाकड्याचा सवाल आहे. आसराबाईंनी मान वर न करता "हां" म्हटले. हे रावांस की कढईस, ते कळले नाही. मग राव मैदानावर एकटेच गेले, आणि वाटेत अजमतभाईंच्या, सामन्याकरिता त्या दिवसापुरत्या बंद ठेविलेल्या हॉटेलापाशी थांबून फटीतून बाकडे पाहून घेतले, जणू शेवटचे.

ऊन चढले आणि सामना लागला. आणि सुग्रीव फेकू लागला तो काय सांगावे! पहिला चेंडू तौफिकाच्या हातमोज्यात शिरला त्याचा आवाज वेशीपर्यंत गेला. राधाकिसनराव चकित. पलीकडून भारत मात्र ऐसा फेकीत होता, जैसे कोणी पोते उतरवून ठेवावे. दोन चेंडू टाकी, ढेकर देई, पाणी पिई. तरी रक्त गोलंदाजाचे, त्याने मंठ्याची बाजू कशीबशी धरून ठेविली. अखेरच्या डावात खापरटाकळी एका फेरीने पुढे, मंठ्याचा एकच गडी बाद होणे बाकी, आणि सोटा घेऊन उभा राहिला तो खुद्द भारत.

सुग्रीवाने फेकला, आणि भारताने डोळे मिटून ऐसा हाणला की, चेंडू मैदान सोडून नांगरटीत गेला आणि ढेकळांत दिसेनासा जाहला. मंठेकरांनी आरोळी ठोकली. या मैदानास कुंपण नाही, फेरी धावूनच पुरी करावी लागते; भारत घरी येता तर बरोबरी होती, आणि त्यांचे ताजेतवाने गडी मागे उभे होते. खापरटाकळीचे गडी ढेकळे उलथू लागले. राधाकिसनरावांनी डोळे झाकले. त्यांनी बाकड्याचा निरोप मनात घेऊन टाकला, आणि डोळे भरूनही आले, हे लपवीत नाही. मग बराच वेळ कोणीच ओरडेना, म्हणून त्यांनी एक डोळा उघडला, तो भारत दुसऱ्या ठाण्यावर कमरेवर हात ठेवून उभा! मंठेकर ओरडत की, पळ, आणि तो हाताने खूण करी की, येतो, येतो. तिसऱ्या ठाण्यापर्यंत तो चालत आला, तेथे पोटावरून हात फिरविला, आणि निघाला. इतक्यात चेंडू सापडला, हातोहात आला, आणि घराच्या चार पावले अलीकडे तौफिकाने तो भारताच्या खांद्यास हळूच लाविला आणि म्हणाला, "बस, भारत. दम खा."

फत्ते जाहली. हलगी कडाडली. तपास करिता कळले की, भारताने पहाटे मंठ्यास सासूचे तेहतीस धोंडे खाल्ले होते, आणि गावात शिरताच आसराबाईंनी त्यास हाताला धरून घरी नेले, आणि परातीतली ती सारी रास त्यासच वाढिली. सुग्रीवास मनीषाच्या सांगण्यावरून अर्धी भाकरी आणि ताक. हे कपट की माया, याचा निवाडा बखरकारास होत नाही. आसराबाई इतकेच बोलल्या, "शेजारचं पोरगं, माझ्याच हातचं खाऊन वाढलेलं. उपाशी दिसलं, म्हून वाढलं."

येणेप्रमाणे शके १९४८, पराभव नाम संवत्सरी, खापरटाकळीकरांनी मंठेकरांस शिकस्त देऊन पितळी चषक आणिला, तो अजमतभाईंच्या फ्रिजवर, बरण्यांच्या मधोमध ठेविला, आणि पंख्याखालचे बाकडे राजश्री राधाकिसनराव यांजकडे वंशपरंपरेने कायम केले. ते समयी दरबार दाटीने भरला होता. सर्वांनी कप हवेत धरिले, आणि तौफिकाने अदबीने विचारिले की, भाऊ, पुढल्या साली कोण गडी येणार आणि कोण जाणार? राधाकिसनरावांनी मांडी घातली, घसा साफ केला, तोंड उघडिले, आणि मग थांबून बोलले ते येथे दाखल केले आहे: "घरी इचारून सांगतो."