जर म्हणजे सोनं

हेमराजला नवं ज्ञान झालं की घरातली एखादी वस्तू कामातून जायची. या खेपेला बायकोचा, उषाबाईचा, शालू गेला.

लिंबायतच्या त्यांच्या घरात रविवारी जयश्रीचा साखरपुडा होता. मुलीने आईच्या लग्नातला शालू नेसावा, एवढंच मागणं मुलाच्या आईने, सुभद्राबाईने केलं होतं. उषाबाईने शालू पेटीतून काढून उन्हात टाकला, तसा हेमराज मोबाइलमधून मान वर काढून म्हणाला, "जरी हा फारसी शब्द. तिथून उर्दूत आला, मग आपल्याकडे. जर म्हणजे सोनं."

"बरं झालं कळलं. दळण आणा आता."

पण त्याच्या डोक्यात सोनं शिरलं होतं. गल्लीत जुनी जरी घेणारा फेरीवाला येताच त्याने शालूचा पदर पुढे केला. फेरीवाल्याने नखाने दोरा खरवडला. "प्लास्टिक छे, काका," म्हणत तो चालता झाला.

"लबाड आहे. मुळातच सोनं, तर प्लास्टिक येईल कुठून?"

हा गृहस्थ उभी हयात कतारगामच्या कारखान्यात प्लास्टिकच्याच जरीची बॉबिनं भरत आला होता. पण स्वतःच्या हातांपेक्षा त्याचा मोबाइलवर भरवसा जास्त.

जुनी जरी जाळून धातू काढतात, हे त्याने ऐकलं होतं. शेवटी उषाबाईच दळणाला गेली, तेवढ्यात त्याने पदर कापून कढईत पेटवला. ती परतली तेव्हा घरभर धूर, आणि कढईच्या बुडाला डांबरासारखा गोळा.

"काय करू राहिले तुम्ही?"

"जयश्रीला अंगठी होईल म्हटलं." हेमराज उलथन्याने गोळा खरवडत होता. "थंड झाला की पिवळा दिसंल."

"तुमचं तोंड काळं दिसंल, सुभद्राबाईसमोर."

नेमका तेव्हाच मुलाचा बाप छगनराव तयारी बघायला आला. हेमराजने त्याला फारसीपासून सगळं समजावलं. छगनराव कढईकडे बघत राहिला आणि चहा न घेताच घाईघाईने निघून गेला.

"मोडलं लग्न," उषाबाई जयश्रीला म्हणाली, आणि भिंतीला टेकून बसली.

रविवारी सकाळी सुभद्राबाई एकटीच दारात उभी. हातात जड पिशवी.

उषाबाईने हात जोडले. "विहीणबाई, शालूचं काय झालं, ते..."

"ऱ्हाऊ द्या," म्हणत सुभद्राबाईने पिशवीतून आपल्या घरची कढई काढली. बुडाला तसाच काळा गोळा.

"घासून घासून हात दुखले," ती म्हणाली. "तुमची कशाने निघाली?"