बशीरतात्यांची टेप

बावड्यात कुणी नवा माणूस आला की आमचे शेजारी बशीरतात्या आधी त्याचा खांदा मोजतात. नाव मागाहून. धंद्यानं शिंपी, पण गिऱ्हाईक नसलं तरी टेप टाकणारच. "साडेसतरा? अवो, आमच्या सरपंचाचाबी साडेसतराच! म्हंजे आपलेच की तुमी!" या न्यायानं मी इंदापूरच्या एका बँडवाल्याचा भाऊ लागतो. मी पडलो मास्तर, पण सांगता कुणाला!

बारामती एमआयडीसीतला एक गोरा परदेशी इंजिनिअर इथं लग्नाला आला आणि त्याची पँट उसवली. कंबर अडतीस, तात्यांचीही अडतीस. तात्यांनी त्याला मिठीच मारली. तो बिचारा पँट धरून उभा.

परवा पुण्याची एक बाई कागद घेऊन आली. कुठल्या देशातल्या माणसांना इतरांबद्दल किती आपलेपणा वाटतो, ते ती मोजत होती. एक ते सात आकडे. गाववाले? "सात." दुसऱ्या धर्माचे? "सात." परदेशातले? "सात! अडतीस कंबर हाय त्यांची."

"आणि सख्खी भावंडं?"

तात्या सुईत दोरा ओवायला लागले. ओवलेल्याच सुईत.

धाकटा भाऊ हमीद कन्हेरीत असतो. अम्मीचं शिलाई मशीन कुणी ठेवायचं, यावरून नऊ वर्षं बोलणं बंद. मशीन तात्यांकडं. त्यावर दर ईदला हमीदच्या मापाचा शर्ट शिवायचा आणि कपाटात ठेवायचा. बाई गेल्यावर मला राहवलं नाही. यंदाचा शर्ट तात्यांकडून मागून घेऊन मीच कन्हेरी गाठली.

हमीद अंथरुणाला खिळलेला. शर्ट घातला, तर आत माणूस कुठाय ते शोधावं लागलं. बाही कुरवाळत तो हसला. "येड्याला वाटतंय, मी हाय तसाच हाय."

परतलो तर तात्या दुकानाच्या पायरीवरच. "बसला का?"

"अगदी बरोबर."

"सर, खोटं बोलू नका. नऊ वर्षं झाली. किती ढिला हाय?"

मी चार बोटं दाखवली. तात्यांनी टेप काढून ती बोटंच मोजली.

"तीन इंच," ते म्हणाले. "एवढा वाळला माझा हमीद? आन् मी हितं गावाचे खांदे मोजत बसलो!" मग ते भर बाजारात लहान पोरासारखे रडले.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले, मशीन उचलून पायरीवर आणून ठेवलं आणि शटर ओढलं.

"एक बाजू धरा, सर. कन्हेरीला जायचंय."